विमानतळात पब्लिकचं काय काम?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, दहावीच्या बॅचच्या, भावकीच्या, आणि पिठाच्या गिरणीवाल्याने काढलेल्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: "विमानतळ हा तज्ज्ञांचा विषय आहे. चिकलठाण्याच्या धावपट्टीचं काय करायचं ते दिल्लीत ठरेल. त्यात नागरिकांची देखरेख, जनसुनावणी, पर्यावरण वगैरे आणलं की काम दहा वर्षं लांबतं. मराठवाड्याला आधीच काही मिळत नाही, मिळतंय त्यात खोडा घालू नका. दिवसाला मोजकी विमानं, त्यांचं कसलं आलंय प्रदूषण? खासदारांची समिती आहेच. आणि ज्यांची जमीन जात नाही त्यांनी तर तोंडच उघडू नये." खाली जोडलेले हात आणि एक विमान.

पाठवणारे सगळे ओळखीचे, भले लोक. त्यात माझा मेव्हणाही आहे, आणि त्याच्याशी फोनवर बोलून घसा बसला म्हणून हे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, छत्रपती संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी वाढावी असं मलाही वाटतं. वेरूळ-अजिंठ्याला येणारा परदेशी पाहुणा थेट इथे उतरावा, शेंद्र्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांचा माल इथून जावा, कोणाला नको आहे? मला खटकतं ते 'मध्ये पडू नका' एवढंच.

तज्ज्ञांचा विषय, बरं. मग 26 एप्रिल 1993 चं काय करायचं? या शहरात माझ्या वयाच्या माणसाला ती तारीख समजावून सांगावी लागत नाही. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 चिकलठाण्याहून मुंबईला निघालं होतं. भर दुपारची वेळ, विमानात 118 जण. धावपट्टी संपली तरी विमान पुरेसं वर गेलेलं नव्हतं, आणि समोर कुंपणापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान ट्रकला घासलं, पुढे विजेच्या तारांना अडकलं आणि शेतात कोसळलं. 55 माणसं गेली. चौकशीत दोन कारणं नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे पहिलं. दुसरं असं की उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक आवरण्याची जबाबदारी तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नव्हती.

पहिलं कारण तज्ज्ञांचं, मान्य. दुसरं कळायला कुठली पदवी लागते? त्या रस्त्याने गाठींचे ट्रक किती उंच भरून जातात, विमान डोक्यावरून किती खालून जातं, हे रोज तिथून सायकल मारणाऱ्या माणसाला दिसतच होतं. त्याला विचारायची पद्धत नव्हती, आणि त्याने सांगितलं असतं तर ऐकून घेणारं टेबलही नव्हतं. धावपट्टीच्या डांबराची जाडी ठरवायला आम्हाला बोलवा असं कोणी म्हणत नाही. पण धावपट्टी जिथे संपते तिथे आमचा रस्ता, आमचा नाला, आमची वस्ती सुरू होते. त्या भागाचे तज्ज्ञ दिल्लीत बसत नाहीत, आणि दिल्लीतून त्याचा कारभार बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

नारेगावचंच घ्या. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत, हा नियम 1937 च्या विमान नियमावलीत आहे. कारण साधं आहे. उकिरड्यावर घारी आणि बगळे जमतात, आणि पक्षी इंजिनात गेला की काय होतं ते सांगायला नको. नारेगाव विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, तरी साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथेच पडत होता. नियम कागदावर, ढीग जमिनीवर. शेवटी फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी रस्त्यात बसून कचऱ्याच्या गाड्या परत पाठवल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. गावकरी बसले होते ते विहिरींच्या पाण्यासाठी, दुर्गंधीसाठी, कुत्र्यांसाठी. विमानांचा विचार त्यांच्या डोक्यात असेल असं मला वाटत नाही. पण फायदा विमानांचाही झाला. (शहरात तेव्हा चौकाचौकांत कचरा साठला आणि आम्ही शहरवाले त्याच गावकऱ्यांना शिव्या घालत होतो, हेही लिहिलं पाहिजे. मीही घातल्या.) त्यानंतर उभ्या राहिलेल्या कचरा प्रक्रिया केंद्रांपैकी एक चिकलठाण्यातच आहे. तिथे ओला कचरा उघड्यावर पडतो का, वर घारी फिरतात का, हे पुन्हा शेजारचेच बघणार.

आता 'खोडा घालू नका'. मेसेजमधलं सगळ्यांना पटणारं वाक्य हेच, कारण मागासलेपणाची जखम खरी आहे. पण याच मराठवाड्यात तीन विमानतळ असे आहेत जिथे कोणीच खोडा घातला नाही. 2009 मध्ये एमआयडीसीने लातूर, नांदेड आणि धाराशिव (आणि त्यांच्यासोबत बारामती, यवतमाळ) हे विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेकराराने दिले. ना कुठली नागरिक समिती उभी राहिली, ना मोर्चे निघाले. लातूर-धाराशिवला नियमित प्रवासी सेवा बसलीच नाही. नांदेडला 27 एप्रिल 2017 रोजी छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेतलं हैदराबादचं विमान सुरू झालं, त्याचे फोटोही निघाले. पुढे ती विमान कंपनी बंद पडली आणि नांदेडकर काही काळ पुन्हा रेल्वेच्या रांगेत होते. करारात कंपनीवर कोणती बंधनं होती, ती पाळली नाहीत तर काय, हे वेळेवर आणि चिकाटीने विचारणारं कोणी असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं का? मला वाटतं, दिसलं असतं. विमान नाही म्हणून दरवर्षी हळहळणारे पुष्कळ होते, करार मागून वाचणारे फार थोडे.

लोकांमुळे प्रकल्प रखडतो याचा दाखला म्हणून गोव्याच्या मोपा विमानतळाचं नाव हमखास घेतलं जातं. मेव्हण्यानेही घेतलं. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोपाची पर्यावरण मंजुरी थांबवली, हे खरं. पण का थांबवली? आसपासच्या जंगलाची, पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक भागांची महत्त्वाची माहिती अर्जात दिलीच नव्हती, आणि तज्ज्ञ समितीनेही ती नीट तपासली नव्हती. स्थानिकांनी बोट ठेवलं ते या त्रुटींवर. दहा महिन्यांनी, जानेवारी 2020 मध्ये, न्यायालयाने काम सुरू करायला परवानगी दिली, जादा अटी घालून आणि अंमलबजावणीवर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख बसवून. जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडताहेत. ते दहा महिने कोणामुळे गेले? अर्ज पूर्ण भरला असता तर एक दिवसही गेला नसता.

'मोजकी विमानं, कसलं प्रदूषण'. धुराबद्दल मी वाद घालणार नाही. मुकुंदवाडीच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं तर विमानापेक्षा रिक्षाच जास्त नाकात जाते. आवाजाचंही आज तितकंसं नाही, उद्या रात्रीची उड्डाणं वाढली तर बघू. पण मराठवाड्यातल्या माणसाने विमानतळाच्या पर्यावरणाचा विचार पाण्यापासून सुरू करावा. साधा हिशेब आहे. 1 हेक्टर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. एका जोरदार सरीत 50 मिलिमीटर पडला तर 5 लाख लिटर. काळ्या जमिनीत त्यातलं काही मुरतं, भेगा भरतात, विहिरीला पाझर येतो. तीच जमीन काँक्रीट आणि डांबराखाली गेली की सगळं पाणी एकदम धावत सुटतं. धावपट्टी, टॅक्सी-वे, विमानं उभी करायची जागा, पार्किंग, पोचरस्ते धरून किती हेक्टर झाकले जाणार? ते पाणी कोणत्या नाल्याने सुखना नदीकडे जाणार? त्या नाल्याच्या पुलाची मोरी केवढी आहे? पाणी मुरवायला शोषखड्डे, तळं काही आराखड्यात आहे का? ज्या प्रदेशातल्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पावसाचं पाणी गटारात घालवण्याआधी हे विचारायचं नाही तर कधी विचारायचं? धावपट्टी आडवी येईल म्हणून बुजवलेला ओढा पावसाळ्यात आपली जुनी वाट शोधतो. ती वाट कुठून जायची हे नकाशापेक्षा बांधावरच्या म्हाताऱ्याला जास्त ठाऊक असतं.

खासदारांच्या समितीबद्दल थोडक्यात. विमानतळ सल्लागार समिती असते, अध्यक्ष स्थानिक खासदार असतात, आणि तिथे चर्चा होते ती मुख्यतः प्रवाशांच्या सोयींची: नवीन फ्लाइट, पार्किंग, स्वच्छतागृह. चांगलं काम आहे, पण नाल्याची मोरी तिच्या विषयपत्रिकेवर येत नाही. ती यायची जागा वेगळी आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या) अधिसूचनेत विमानतळ 'अ' वर्गात आहेत, म्हणजे मंजुरी केंद्राची, आणि विस्तारही त्याच चौकटीत बघितला जातो. जनसुनावणी घ्यायची ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. किमान 30 दिवसांची सूचना, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा गोषवारा मराठीत, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. विस्ताराच्या प्रस्तावात सुनावणी हवी की नको हे ठरवायची मुभा मंजुरीचा अर्ज तपासणाऱ्या केंद्राच्या तज्ज्ञ समितीला आहे, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. कोणी मागणी केलीच नाही तर 'गरज नाही' असा शेरा मारणं सोपं जातं.

मंजुरी मिळाली म्हणजे विषय मिटला असंही नाही. मंजुरीतल्या अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. ज्याला कोणाला 'देखरेख' हा शब्द आंदोलनासारखा वाटतो त्याने असा एक अहवाल वाचून बघावा. झाडं किती लावली, जगली किती, सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू आहे का, असली रुक्ष उत्तरं असतात. देखरेख म्हणजे बरंचसं हेच, जागेवर जाऊन ती झाडं मोजायची.

राहिलं 'जमीन जात नाही त्यांनी बोलू नये'. चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तिजापूर भागात ज्यांच्या सातबाऱ्यावर भूसंपादनाची टांगती तलवार आहे, त्यांचा आवाज पहिला, यात शंका नाही. मोबदल्याचं भांडण त्यांचंच आहे आणि ते त्यांनाच लढू द्यावं. पण जनसुनावणीत बोलायला सातबारा लागतो असं अधिसूचनेत कुठेही म्हटलेलं नाही. परिसरातल्या बाधित माणसाला बोलता येतं. बाधित म्हणजे फक्त शेत गेलेला नव्हे, ज्याच्या घरात पाणी शिरणार आहे तोही.

हे सगळं मेव्हण्याला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "एवढं कोण वाचतं. बरं, पण ती सुनावणी असते कुठे?" त्याला सांगितलं, प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ, आणि जाहिरात आली की कात्रण पाठवतो. त्याचं शेत सुखनेच्या काठी आहे, शहराच्या खालच्या अंगाला.