‘सगळ्यांना एकच पुस्तक, एकच परीक्षा’ : एका फॉरवर्डला वर्गातून उत्तर

मागच्या आठवड्यात एकच मजकूर माझ्या मोबाइलवर तीन ग्रुपांतून येऊन आदळला. एक सोसायटीचा ग्रुप, एक चुलत-मावस भावंडांचा आणि तिसरा माझ्याच वर्गाच्या पालकांचा. मजकूर थोडक्यात असा: ‘आमच्या वेळी साठ पोरांना एकच पुस्तक, एकच फळा, एकच परीक्षा होती आणि त्यातूनच डॉक्टर-इंजिनियर निघाले. आता प्रत्येक मूल वेगळं म्हणत लवचिक अभ्यासक्रमाचं परदेशी फॅड आणलंय. लवचिक म्हणजे सोपं. बोर्डाचा पेपर शेवटी सगळ्यांना सारखाच येणार. एकसारखं शिकवणं हीच खरी समानता.’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. नागपुरात बावीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतेय, तेव्हा एकेक वाक्य धरूनच बोलते.

‘साठांतून डॉक्टर निघाले.’ निघाले, खरंय. आमच्या वर्गाच्या पटावरही साठाच्या वर नावं होती. गेल्या वर्षी गेट-टुगेदरसाठी ग्रुप काढला, तेव्हा २३ जण सापडले. बाकीच्यांचे नंबर कुणाकडेच नाहीत. वाचताना अडखळतो म्हणून रोज ओणवा उभा राहणारा एक मुलगा होता, तो सातवीनंतर दिसलाच नाही. असे फॉरवर्ड लिहितात ते त्या २३ जणांतले. उरलेल्यांना कुणी विचारलेलं नसतं.

‘लवचिक म्हणजे सोपं.’ खरं भांडण इथे आहे.

जून २०१९ आठवतो का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ असं वाचन आलं आणि राज्यभर थट्टा सुरू झाली. पार विधानसभेत कोट्या झाल्या. पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की जुनं वाचन काढलेलं नाही, दोन्ही दिलेली आहेत. ऐकायला कुणाला वेळ होता!

आता ती थट्टा बाजूला ठेवून जरा ‘त्रेपन्न’ म्हणून बघा. तोंडातून आधी तीन येतात, मग पन्नास. वहीत मात्र आधी पाच लिहायचे, मग तीन. कानावर पडलं त्याच क्रमानं पोरानं लिहिलं तर होतात ३५. हिंदीतही तीच गत. इंग्रजी, कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे बोलणं आणि लिहिणं एका दिशेनं जातं. त्यात आपले ‘एकोणपन्नास’ आणि ‘एकोणसाठ’ म्हणजे पुढच्या दशकातून एक उणे करायचा. पाठांतर पक्कं असलेल्या घरातली मुलं हे सहज पचवतात. ज्यांच्या घरी हे शब्द रोज कानावर पडत नाहीत, त्यांचं काय?

माझ्या वर्गात एक मुलगी होती, घरचे छत्तीसगडहून बांधकामाच्या कामावर आलेले. मी त्रेपन्न म्हटलं की ती ३५ लिहायची. पन्नास तीन म्हटलं की बरोबर ५३. एकदा भीत भीत विचारते, “म्याडम, असं म्हटलं तं चालते का?” म्हटलं, चालते. दिवाळीनंतर ती आपणहून त्रेपन्न म्हणायला लागली, कारण बाकीची मुलं म्हणत होती. आणि तिच्या पाटीवर हातच्याची बेरीज तीच होती जी सगळ्यांच्या पाटीवर: ५३ अधिक ३८. तिला वेगळी, सोपी बेरीज मी कधीच दिली नाही. मग दर्जा नेमका कुठे घसरला?

शाळेच्या भाषेत याला अध्ययन निष्पत्ती म्हणतात, म्हणजे धडा संपल्यावर मुलाला काय यायला हवं ते. ती सगळ्यांना एकच असते. लवचिकता असते ती तिथवर जायच्या वाटेत आणि ‘मला आलं’ हे दाखवायच्या पद्धतीत. आमचा पाण्याचा धडा घ्या. पहिला प्रश्न: घरच्या नळाला पाणी कुठून येतं? अर्धा वर्ग ओरडतो, “टाकीतून!” टाकीत कुठून, त्या आधी कुठून, असं मागे मागे जात पेंच नदीवरच्या धरणापर्यंत पोचायचं. मग उलट बाजू: मोरीतलं पाणी कुठे जातं? नाल्यात, नाग नदीत, पुढे कन्हानमध्ये, वैनगंगेत. हे कुणी दहा वाक्यांत लिहितं, कुणी नकाशा काढतं, ज्याला लिहिणं जड जातं तो उभा राहून सांगतो. पण पेंच, शुद्धीकरण, टाकी, नळ, नाला, नाग नदी, कन्हान, वैनगंगा हा क्रम आणि पाणी घाण कुठे होतं ते ठिकाण प्रत्येकात आलंच पाहिजे. नकाशा सुंदर रंगवला आणि बाण चुकला, तर तो परत मिळतो. हे बसवायला मला साध्या प्रश्नोत्तरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. सोपं असतं तर मीच आधी केलं असतं.

फॉरवर्डला एक गोष्ट मात्र देऊन टाकते. लवचिकतेच्या नावाखाली काही ठिकाणी खरंच पाणी घातलं जातं. ‘कच्च्या’ मुलांना वर्षभर रंगवायचे कागद द्यायचे आणि गणित हुशारांनी करायचं, हे मी पाहिलंय. तो अन्यायच. तसंच ‘आमचा बाळ व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला फक्त चित्रांतून शिकवा’ असं सांगणारे पालकही येतात. २००८ मध्ये चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं. मुलावर असा शिक्का मारून त्याच साच्यात शिकवल्यानं ते जास्त शिकतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. एकच गोष्ट चित्रातून, शब्दांतून आणि हातानं करून सगळ्यांसमोर मांडणं वेगळं आणि मुलांचे गठ्ठे पाडणं वेगळं.

‘बोर्डाचा पेपर सारखाच.’ पूर्ण खरं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती लिहिलेल्या आहेत, आणि वाचन-लेखनाची अडचण असलेली मुलंही त्या कायद्यात मोडतात. सीबीएसईत २०२० पासून दहावीच्या गणिताचे दोन पेपर आहेत, बेसिक आणि स्टँडर्ड, अभ्यासक्रम एकच. आणि आपल्याच दारातलं बघा: उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात आपण आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतो, कारण ऊन. तेव्हा कुणी ‘असमानता, असमानता’ म्हणत नाही.

‘परदेशी फॅड.’ यावर मला खरंतर हसूच आलं. नागपुरातून वर्ध्याची गाडी पकडा, दीड-दोन तासांत पोचाल. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. सूतकताईतून गणित, शेतातून विज्ञान, मातृभाषेतून शिकणं, हे तेव्हाच मांडलं गेलं. ते सगळीकडे टिकलं नाही, त्यात अडचणीही होत्या. पण परदेशी ते खासच नव्हतं.

राहिला तो न लिहिलेला मुद्दा, जो शिक्षक खोलीत हमखास निघतो: एवढ्या पोरांत हे जमतं का? शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलेला आहे. वर्ग फुगलेला असेल, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं असतील, तर नाही जमत, आणि ते शिक्षकाच्या माथी मारू नये. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेनं वर्षानुवर्षं दाखवलंय: रोज थोडा वेळ इयत्ता विसरायची आणि मुलांना वाचनाच्या पातळीनं बसवायचं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पातळी वाढली की गट बदलायचा. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी या कामाच्या शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या होत्या, आणि मुलांचं वाचन त्यांत सुधारलेलं दिसलं. चौथीतलं मूल आज ‘शब्द’ गटात बसलं म्हणून त्याची चौथी जात नाही. उलट ‘सगळ्यांना एकच धडा’ म्हणत त्याला न वाचता येणाऱ्या पानासमोर बसवलं, तर वर्ष मात्र जातं.

पालकांच्या ग्रुपवर तो मजकूर टाकणाऱ्या दादांना मी शनिवारी शाळा सुटताना बोलावलंय. पाण्याचे नकाशे भिंतीवर लावलेत. त्यांच्या मुलाचा तिसऱ्या ओळीत आहे, रंग झकास, फक्त कन्हानचा बाण त्यानं उलटा काढलाय. सोमवारी दुरुस्त करून आणायचा आहे.