चक्कर येतेय म्हणजे डाएट लागू पडतंय?

आज दुपारी एका डोहाळजेवणाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी उत्सवमूर्तीची मावशी बसली होती, साठीच्या आसपासची. पानात भात नाही, पुरणपोळी नाही. कोशिंबीर, वांग्याची भाजी आणि वाटीभर ताक, बस. सगळ्या बायका कौतुक करत होत्या. दहा दिवसांत तीन किलो उतरल्या म्हणे मावशी. मला मात्र त्यांचा हात दिसत होता. ताकाची वाटी तोंडाकडे नेताना तो थरथरत होता. हॉलमध्ये एसी चालू असताना त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. "जरा गरगरतंय गं," एवढंच म्हणाल्या.

समोर बसलेल्या, चांगल्या शिकल्यासवरलेल्या बाईंनी लगेच निदान केलं. "येणारच चक्कर. शरीर डिटॉक्स होतंय. चक्कर येतेय म्हणजे डाएट लागू पडतंय."

मी विचारलं, "मावशी, शुगरची गोळी घेता?"

"हो, आठ-नऊ वर्षं झाली."

"आज घेतली?"

"सकाळीच. गोळी कधी चुकवत नाही मी."

त्या क्षणी मला भर पंगतीत तांब्या पडल्याचा आवाज ऐकू आला. माझ्या यादीतल्या जुन्या लोकांना तो तांब्या माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते.

२०१९ चा पावसाळा. सांगलीचं आमचं घर. पहाटे पावणेचारला न्हाणीतून स्टीलचा तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. आई उठली, मागोमाग मी आणि भाऊ. अण्णा, माझे वडील, भिंतीला टेकून बसल्यासारखे पडलेले, बनियन पिळून काढावा इतका भिजलेला, डोळे उघडे पण ओळख नाही. मला बघून ते कुणा अडत्याच्या हिशेबाबद्दल बोलत होते. शेजारच्या काकांनी त्यांचं शुगरचं मशीन आणलं. आकडा आला ४१. ७० च्या खाली म्हणजेच धोका.

त्याआधी बरोबर अकरा दिवस अण्णांनी भाकरी सोडली होती, भात सोडला होता, चहातली साखर सोडली होती. माझ्या एका चुलतभावाने व्हिडिओ पाठवला होता. तो स्वतः चौदा किलो उतरला होता, म्हणजे खोटं बोलत नव्हता. पण तो चौतीस वर्षांचा, मधुमेह नसलेला, एकही गोळी न घेणारा माणूस. अण्णा एकोणसत्तर वर्षांचे, आणि रोज सकाळी ग्लिमेपिराइड, शुगरची गोळी. भाकरी बंद झाली, गोळी चालूच राहिली. त्या व्हिडिओत गोळीबद्दल एक शब्द नव्हता. मी तो नंतर तीनदा पाहिला म्हणून सांगते.

आता कुणी म्हणेल, ही बाई लो-कार्बच्या, म्हणजे भात-पोळी-साखर कमी करण्याच्या, विरोधात लिहितेय. अजिबात नाही. माझ्या घरात आज लो-कार्बच चालतं, आणि अण्णांना त्याचा जितका फायदा झाला तितका दुसऱ्या कशाचा झाला नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ज्या गोष्टीत औषधाइतकी ताकद आहे, ती तुम्ही लोणच्याच्या रेसिपीसारखी फॉरवर्ड करता.

अण्णांनी सांगलीत हळदीच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतून, हळद निघायची तेव्हा काठावर उभं राहून नोंद करायची, हे त्यांचं काम. हॉस्पिटलमधून आल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं, तेव्हा अण्णा मध्येच म्हणाले, "म्हणजे पेवच की हो हे." आणि खरंच, मला आजवर याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही.

शरीरात इंधनाची दोन कोठारं असतात. एक स्वयंपाकघरातला डबा, म्हणजे यकृत आणि स्नायूंमधलं ग्लायकोजेन, साठवलेली साखर. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास. पण स्नायू आपला साठा स्वतःच वापरतात, रक्तात परत देत नाहीत. दुसरं कोठार म्हणजे चरबी, ते पेव. किलोकिलोने माल, जमिनीखाली, वर झाकण. ते झाकण म्हणजे इन्शुलिन. जेवलात, त्यातही भात-पोळी-साखर जेवलात, की इन्शुलिन वाढतं. रक्तातली साखर पेशींत जाते, डबा भरतो, उरलेलं पेवात उतरतं आणि झाकण लागतं. इन्शुलिन वर असेपर्यंत पेवातला माल फारसा बाहेर येत नाही. कार्ब कमी केले की इन्शुलिन उतरतं, झाकण उघडतं, चरबी बाहेर येते, आणि यकृत तिच्यातून कीटोन बनवतं. पुरेसे दिवस गेले की मेंदूसुद्धा आपलं बरंचसं इंधन त्या कीटोनमधून घेतो. "कार्ब खाल्ले नाहीत तर मेंदू उपाशी राहील" म्हणणारेही चूक आहेत. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते सगळं तोंडानेच गेलं पाहिजे असं नाही. यकृत प्रथिनांतून, चरबीच्या ग्लिसरॉलमधून ते तयार करतं.

पहिल्या आठवड्यात तीन किलो कसे उतरतात तेही सांगते, कारण मावशींचं कौतुक त्यावरच चाललं होतं. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. डबा रिकामा झाला की पाणी गेलं. शिवाय इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. त्यामुळेही गरगरतं, आणि बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. म्हणजे पहिल्या दहा दिवसांत उतरलेल्या तीन किलोंपैकी बराच भाग पाण्याचा. त्याच्यावर काय टाळ्या वाजवताय?

आता गोळीकडे येते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या घराण्यातल्या गोळ्या स्वादुपिंडाला दामटून इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात भाकरी आहे की नुसती काकडी, हे गोळी बघत नाही. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. वरून धान्य येणं बंद. डबा रिकामा होत आलेला. आणि गोळीमुळे इन्शुलिन चढंच. इन्शुलिन चढं म्हणजे यकृताचा साखर सोडायचा दरवाजा बंद, पेवाचं झाकणही बंद, म्हणजे कीटोनही बनत नाहीत. उपास करणारा निरोगी माणूस का पडत नाही आणि माझे अण्णा का पडले, ते इथे आहे. उपासात इन्शुलिन खाली असतं, पेव उघडं असतं. अण्णांचे सगळे दरवाजे एकदम बंद होते आणि मेंदू बाहेर अंधारात उभा होता. त्या अंधारात ते अडत्याचा हिशेब शोधत होते.

भावाने घाबरून त्यांच्या तोंडात साखर कोंबली. डॉक्टर नंतर रागावले. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, श्वासनलिकेत जातं. अण्णा गिळत होते, आमचं नशीब. ग्लुकोजची सलाइन लागली, माणसात आले, आईने देवाला हात जोडले. आणि सकाळी नऊला शुगर परत ५५. ही गोळी लांबवर काम करते, म्हाताऱ्या मूत्रपिंडांत तर आणखी रेंगाळते. चोवीस तास ठेवून घेतलं त्यांना. आई त्या चोवीस तासांत एकदाही बसली नाही.

बरं, धोका एकाच गोळीचा असता तर एकवेळ ठीक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या आता जेनेरिकमध्ये स्वस्त झाल्यात, घरोघरी आहेत. चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि किडनीला त्यांचा उपयोग होतो. पण त्यांच्यावर असताना कार्ब एकदम तोडले तर रक्तात कीटोन इतके साचू शकतात की रक्त आम्लयुक्त होतं, आणि शुगरचं मशीन मात्र जवळजवळ नेहमीसारखा आकडा दाखवत राहतं. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. जे इन्शुलिनची सुई घेतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. टाइप वनच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, पोराची सुई कुणाच्या व्हिडिओवरून बंद करणाऱ्याला मी माफ करणार नाही.

हे शास्त्र काल कुणी यूट्यूबवर शोधलेलं नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या (फिट्सच्या) रुग्णांसाठी कीटोजेनिक, म्हणजे कार्ब जवळजवळ तोडून कीटोनवर चालणारा, आहार मांडला, आणि त्याच वर्षी टोरंटोत इन्शुलिन सापडलं. त्याआधी मधुमेहाच्या रुग्णांना कार्ब तोडूनच जगवत, जेमतेम. म्हणजे शंभर वर्षं झाली, हा आहार दवाखान्यात, वजनकाट्यावर मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिला जातो.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घराघरात दीक्षित की दिवेकर अशी भांडणं झाली, आठवतंय? दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर सख्ख्या जावा बोलेनाशा झाल्या होत्या. त्यात कुणी कुणाला विचारलं का, की तुझ्या गोळीचं नाव काय? आमच्या घरात तरी नाही विचारलं. मीसुद्धा नाही विचारलं. मी अण्णांना फोनवर "वा अण्णा, करा करा" म्हटलं होतं. अकरा दिवस रोज म्हटलं होतं.

हे लिहिताना थांबले होते जरा.

तर, अण्णांचं पुढे काय झालं. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी ठेवली, आणि मग म्हणाले, आता करा कार्ब कमी, हळूहळू. तीन भाकऱ्यांची एक झाली. भात फक्त रविवारी, मूठभर. कुणाला वाटतं भाकरी म्हणजे लो-कार्ब, तसं नाही बरं का. ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्बच असतात, एका भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम. गूळही साखरच. आणि साबुदाणा तर निव्वळ स्टार्च, ज्या दिवशी आपण "आज काही खाल्लं नाही" म्हणतो त्या दिवशी सगळ्यात जास्त कार्ब जातात. भाकरीच्या जागी मटकीची उसळ, दोन अंडी, भरीत, शेंगदाणे, ताक आलं. हे कीटो वगैरे नव्हतं, दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कार्ब जातच होते. आठ महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.२ वरून ६.७.

आणि अण्णा काही जाडे नव्हते हो. अठ्ठावन्न किलोचा सडपातळ माणूस. लोक म्हणायचे, यांना कसलं डाएट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. ब्रिटिश गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वरून बारीक, आतून पेव भरलेलं. आपल्यातले कितीतरी असेच आहेत. म्हणूनच मला लो-कार्ब आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच ते कुणी वेड्यासारखं विकलं की डोकं फिरतं.

मान्य, वर्षभराने बघितलं तर कमी कार्बवाले आणि कमी चरबीवाले वजनात जवळपास सारखेच उतरतात. मान्य, काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, तपासायला हवं. आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे पैशाचं. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं, अंडी मिळत नाहीत. ज्या बाईच्या घरात पोटं भाकरीनेच भरतात, तिला मी काय सांगणार? माझ्याकडे उत्तर नाही. पण निदान तिला कुणी "चक्कर आली म्हणजे बरं" असं सांगू नये.

मावशींचं सांगते. कार्यालयाच्या मॅनेजरांकडे मशीन होतं, ते स्वतः पेशंट. आकडा ५८. ७० च्या खाली म्हणजे थांबायचं नाही, एवढं मला २०१९ ने शिकवलंय. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटं थांबलो, परत बघितलं, ८४. मग वरण-भात वाढायला सांगितला. कालवताना त्यांचा हात स्थिर झाला होता. चार घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "आता माझं डाएट मोडलं का गं?"

मला तिथे रडू आलं. त्या समोरच्या बाईंवरचा राग तिथेच गेला. त्याही घाबरल्या होत्या, पाणी आणायला धावल्या होत्या. त्यांनाही कुणीतरी सांगितलेलंच त्या पुढे सांगत होत्या.

"नाही मावशी, काही मोडलं नाही. उद्या गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, मग परत सुरू करा," असं मी म्हटलं. गोळीचं नाव त्यांना सांगता येईना. "लांबट आहे, एका बाजूला रंगीत," एवढंच. त्यांच्या मुलाला म्हटलं, घरी गेल्यावर फोटो पाठव.

रात्री अण्णांचा नेहमीचा फोन आला. पंच्याहत्तर पूर्ण झाली त्यांना, अर्धी भाकरी खाऊन अंगणात शतपावली घालत होते. मी सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळीचं नाव कळलं का?"

तेवढ्यात फोटो आलाच होता.

"कळलं अण्णा. तुमचीच."