कॅडमियमचा पत्रा विसरू नये
‘मेणाच्या ठोकळ्यात स्रोत ठेवून एकदा मोजणी घेतली की डिटेक्टरचे अंशांकन झाले’, हे न्यूट्रॉन मोजणाऱ्या डिटेक्टरच्या अंशांकनावरील (कॅलिब्रेशनवरील) लेखातील विधान पटले नाही. लिथियम-६ फ्लोराइडचा लेप दिलेल्या सिलिकॉन डायोडवर आम्ही औष्णिक (म्हणजे मंद झालेले) न्यूट्रॉन शोषून घेणारा १ मिलिमीटर जाडीचा कॅडमियमचा पत्रा झाकला, तेव्हा मोजणी अगदी खाली यायला हवी होती, पण ती जेमतेम निम्मी झाली. म्हणजे डिटेक्टरमधून येणारे उरलेले विद्युत स्पंद औष्णिक न्यूट्रॉनचे नव्हतेच, ते बहुतांशी गॅमा किरणांचे आणि प्रवर्धकातील गोंगाटाचे होते. लिथियम-६ ने न्यूट्रॉन पकडल्यावर २.७३ एमईव्ही (ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेचा ट्रायटन, म्हणजे ट्रिटियमचा अणुकेंद्रक, निघतो व मोठा स्पंद देतो, त्यामुळे उंबरठा (ज्याहून लहान स्पंद मोजले जात नाहीत ती मर्यादा) बराच वर नेला तरी फारसे काही गमवावे लागत नाही (कॅडमियम स्वतःही न्यूट्रॉन गिळून गॅमा सोडते, हे आमच्या उशिराच ध्यानात आले). उंबरठा वर नेल्यानंतरच पत्र्यासह आणि पत्र्याविना घेतलेल्या मोजणीतील फरकावर विसंबता आले.