‘आधी सही करून टाका, व्हिसा आपोआप मिळतो’: त्या मेसेजला उत्तर

लग्नाळू मुलामुलींच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. जोडीदार अमेरिकेत असेल तर काय करावं, याचे पाच सल्ले त्यात आहेत. मुलगा किंवा मुलगी सुट्टीवर आली की रजिस्टर लग्नाची सही उरकून घ्या, विधी सावकाश करा. सुट्टीच मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवर लग्न लावा. घाई असेल तर फियान्से (म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा) व्हिसा सगळ्यांत झटपट आणि स्वस्त. समोरचा सिटिझन असो की ग्रीन कार्डवाला, नियम एकच. आणि काहीच जमलं नाही तर टुरिस्ट व्हिसावर पाठवा, फॉर्ममध्ये नात्याचा उल्लेख टाळा, तिथे लग्न झालं की कोणी परत पाठवत नाही.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, हे मला मान्य आहे. पण यातल्या एकेका सल्ल्यापायी जोडप्यांची वर्षं वाया जातात. एक जण पुण्यात, एक जण डॅलसमध्ये, एकाची रात्र तर दुसऱ्याचा दिवस, अशा अवस्थेत आधीच जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्यात चुकीच्या क्रमाने टाकलेलं एक पाऊल निस्तरत बसणं फार क्लेशाचं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सही आधी, विधी नंतर. आपल्याकडे सर्वाधिक नुकसान या सल्ल्याने होतं. चित्र ओळखीचं आहे: मुलगा दोन आठवड्यांसाठी येतो, साखरपुडा होतो, आणि कोणीतरी काका म्हणतात, “आत्ताच नोंदणी करून ठेवू, व्हिसाचं काम सुरू होईल.” ओळखीचे गुरुजी विवाहाच्या ज्ञापनावर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, सही देतात, साक्षीदार उभे राहतात, आणि ज्या दिवशी सप्तपदी झाली नाही, अक्षता पडल्या नाहीत, तो दिवस लग्नाची तारीख म्हणून कागदावर चढतो. हॉल पुढच्या डिसेंबरचा बुक केलेला असतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम ७ नुसार विवाह रूढ विधींनी लागतो, आणि सप्तपदी हा त्या विधींचा भाग असेल तर सातवं पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. कलम ८ ची नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. न झालेला विवाह तिने होत नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यापुढे नेमकं असंच प्रकरण होतं. दोघांनी विधी न करता प्रमाणपत्र घेतलं होतं, समारंभ पुढे व्हायचा होता, मधल्या काळात बिनसलं. न्यायालयाने ते प्रमाणपत्र रद्दबातल ठरवलं आणि तो हिंदू विवाह झालाच नव्हता, असं जाहीर केलं. परदेशी व्हिसासाठी अर्ज करता यावा, वेळ वाचावा म्हणून पालक अशी आगाऊ नोंदणी करतात, याचा निकालात स्पष्ट उल्लेख आहे आणि ही पद्धत बंद व्हायला हवी असं न्यायालयाने बजावलं आहे. आपल्या ग्रुपांवर जो सल्ला ‘प्रॅक्टिकल’ म्हणून फिरतोय, त्याबद्दलच हे शब्द आहेत.

विधी नको असतील किंवा आत्ता शक्य नसतील, तर सरळ विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करा. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न खरोखर लागतं. त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. इथे राहणाऱ्या जोडीदारामुळे ती अट भागते. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते. म्हणजे तिकडच्याची सुट्टी आधी पक्की करायची आणि त्यावरून नोटिशीची तारीख उलटी मोजायची. याला घाई चालत नाही, आखणी लागते.

या आगाऊ सहीचा आणखी एक फटका बसतो. कागदावर तुम्ही विवाहित झालात की फियान्से व्हिसाचा रस्ता बंद, कारण तो फक्त लग्न न झालेल्यांसाठी आहे. उलट बाजूही लक्षात घ्या. फियान्से व्हिसाचा अर्ज असेल, तर साखरपुड्याच्या फोटोंकडे जरा परक्याच्या नजरेने बघा. अंगठ्या, ओटी, पेढे यात काही वावगं नाही. पण हौसेने मुंडावळ्या बांधल्या असतील, गळ्यात हार असतील आणि आजीच्या आग्रहाखातर मंगळसूत्रही घातलं असेल, तर मुलाखत घेणाऱ्याला ते लग्नच वाटणार. ‘हा फक्त साखरपुडा होता’ हे त्याला पटवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

व्हिडिओ कॉलवरच्या लग्नाचं थोडक्यात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात, लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर हजर नसतील, तर त्यानंतर प्रत्यक्ष भेटून वैवाहिक संबंध आल्याशिवाय ते पती-पत्नी धरले जात नाहीत. म्हणजे विमानाचं तिकीट काढावं लागतंच.

आता ‘झटपट आणि स्वस्त’ फियान्से व्हिसा. हा के-१ व्हिसा. अर्ज फक्त अमेरिकी नागरिक करू शकतो, ग्रीन कार्डधारक नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते, याला अपवाद फार थोडे. तिकडे पोचल्यावर ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करायचं. ते झालं नाही तर परत यायचं, दुसऱ्या कोणाच्या आधाराने तिथे ग्रीन कार्ड मागता येत नाही.

स्वस्त म्हणाल, तर १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी बेरीज करा. के-१ च्या वाटेवर आय-१२९एफ अर्जाचे ६७५ डॉलर, व्हिसाचे २६५, आणि लग्नानंतर तिथे ग्रीन कार्डच्या अर्जाचे १,४४०. एकूण २,३८०. लग्न करून जोडीदाराच्या वाटेने गेलात, तर जोडीदाराला बोलावण्याच्या ऑनलाइन आय-१३० अर्जाचे ६२५, इमिग्रंट व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२० आणि कार्डाचे २३५. एकूण १,३०५. हजार डॉलरहून जास्त फरक, तोही मेसेजच्या उलट दिशेने.

पण पैशापेक्षा मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसावर गेलेली मुलगी विमानतळावर शिक्का बसल्यापासून कायम रहिवासी असते, नोकरी करू शकते, भारतात ये-जा करू शकते. (लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर पहिलं कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो. ही तारीख चुकवू नका.) के-१ वर गेलेली मुलगी लग्नानंतर कामाच्या परवान्याची वाट बघत घरी बसते, आणि प्रवासाची आगाऊ परवानगी हाती नसताना देशाबाहेर पडली तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. इकडे वडील आयसीयूत आणि तिकडे मुलगी विमानात बसू शकत नाही, ही वेळ कोणावर येऊ नये.

के-१ निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. ज्यांना भारतात लग्न करताच येत नाही, त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. अशा जोडप्याला इथे नोंदणीचा दरवाजाच नाही, पण त्यातला एक जण अमेरिकी नागरिक असेल तर के-१ त्यांनाही इतरांइतकाच खुला आहे. मेसेजमध्ये या मुलामुलींचा विचारच नाही, आणि त्यांचे आईवडीलही त्याच ग्रुपांमध्ये असतात.

सिटिझन आणि ग्रीन कार्डवाला सारखेच? अजिबात नाही. नागरिकाचा जोडीदार ‘इमीडिएट रिलेटिव्ह’ असतो, त्याला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ-२ए गटात येतो आणि तिथे कोटा आहे. जुलै २०१९ पासून काही वर्षं या गटाला रांग नव्हती, बहुधा त्या काळातला अनुभव मेसेजमध्ये उतरला असावा. एप्रिल २०२३ पासून रांग पुन्हा लागली. अर्ज केल्यानंतर तो जोडीदार नागरिक झाला तर तुमचा गट बदलतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि मेसेजमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही, ते एच-१बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावाले! आपल्या ओळखीतले निम्मेअधिक जावई नि सुना याच व्हिसावर असतील. त्यांच्या वाग्दत्त जोडीदारासाठी के-१ सारखा वेगळा व्हिसा नाही. लग्नानंतर एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा मिळतो, पण नोकरीची मुभा सरसकट नाही. मे २०१५ पासून ती मुख्यतः त्यांनाच आहे, ज्यांच्या जोडीदाराचा नोकरीतून ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला आहे. लग्न ठरवताना ‘पॅकेज किती’ विचारतो, तसं ‘आय-१४० झालाय का’ हेही विचारावं. मुलीच्या करिअरचा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगायला हवी. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळणार असेल, तर ते हातात पडण्याआधी लग्न झालेलं असणं फायद्याचं. मग जोडीदार त्याच अर्जात, त्याच अग्रक्रमाच्या (रांगेतली जागा ठरवणाऱ्या) तारखेने सामावला जातो. कार्ड मिळाल्यावर लग्न केलं की एफ-२ए ची वेगळी रांग. त्यामुळे कार्ड जवळ आलं असेल तर लग्न लवकर करा, पण ते खरं लग्न असू द्या.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक. वाग्दत्त वधूने टुरिस्ट व्हिसावर भेटायला जाणं गुन्हा नाही. तिथे लग्न करून ठरल्या दिवशी परत येणं आणि मग इथून रीतसर आय-१३० ची वाट धरणं, हेही चालतं. चालत नाही ते राहायच्या इराद्याने जाऊन ‘फिरायला आले’ म्हणणं. प्रवेशापासून ९० दिवसांत लग्न करून तिथेच मुक्काम ठोकला, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेप्रमाणे अधिकारी ‘आधीच खोटं सांगितलं होतं’ असं गृहीत धरू शकतो. ग्रीन कार्डचा निर्णय घेणारं खातं वेगळं आहे, ते या ९० दिवसांच्या नियमाने बांधलेलं नाही, पण इरादा तेही तपासतं.

आणि नात्याचा उल्लेख टाळा म्हणे! टुरिस्ट व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकांबद्दल थेट प्रश्न आहे, आणि त्याच्या पर्यायांत पती-पत्नी, मुलं, भावंडं यांच्याबरोबर वाग्दत्त जोडीदारही आहे. तिथे ‘नाही’ वर टिक केली की ते खोटं उत्तर तुमच्या नावावर नोंदलं गेलं. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर अमेरिकेत प्रवेशाची बंदी कायमची असते, तिला मुदत नाही. ती उठवायची तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा आईवडिलांना पराकोटीचा त्रास होईल हे सिद्ध करून माफी मागावी लागते. एखादा एजंट तुमच्या मुलीचा फॉर्म भरून देत असेल, तर सबमिट करण्याआधी तो प्रश्न उघडून उत्तर स्वतः वाचा.