ग्राहकाला कुठे कळते?

आज बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने तपासणीचे दोन टप्पे गाळायचे सुचवले आणि वर म्हणाला, "ग्राहकाला कुठे कळतंय?" कोणी हरकत घेतली नाही. मीही गप्प राहिले, याचा राग अजून मनातून जात नाही.

साताऱ्याच्या आमच्या दुकानात हेच वाक्य मी लहानपणी ऐकले होते. दुधाचा भाव चढला होता, आणि खवा थोडा कमी भाजून साखर वाढवा, असे कोणीतरी बाबांना सुचवले. बाबांनी आठ दिवस तसे पेढे केले.

मी राहते त्या अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात या विचाराने बिअर बनवणारी एक अख्खी ब्रुअरी खाल्ली. ऑगस्ट क्रुग यांनी 1849 मध्ये ती सुरू केली. त्यांच्यानंतर त्यांचे हिशेबनीस जोसेफ श्लिट्झ यांनी ती सांभाळली आणि तिला आपले नाव दिले. 1875 मध्ये जहाज बुडून श्लिट्झ यांचा मृत्यू झाला, तेव्हा क्रुग यांच्या भाच्यांनी, ईलाइन बंधूंनी, ती वाढवली. 'मिलवॉकीला प्रसिद्ध करणारी बिअर' ही ओळख तिने कमावली, दारूबंदीची तेरा वर्षे पचवली आणि नंतर पुन्हा अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला.

मग सत्तरच्या दशकात खर्च वाचवण्यासाठी बार्लीच्या जागी कॉर्न सिरप वाढले, आंबवण्याचे दिवस कमी झाले. त्या काळात इतरही काटकसर करत होते आणि सुरुवातीला खप वाढतच होता, हे मला मान्य आहे. पण 1976 मध्ये लेबलवर घटक छापावे लागतील या धास्तीने बिअर नितळ ठेवणारा पदार्थ बदलला. नवा पदार्थ फेस टिकवणाऱ्या पदार्थाशी जुळला नाही आणि बाटलीत पांढरे कण तरंगू लागले. तेव्हाही लोकांना खरे सांगण्याऐवजी महिनोन्महिने चालढकल केली आणि शेवटी सुमारे 1 कोटी बाटल्या गुपचूप परत घेतल्या! चूक कोणाकडूनही होते. ती ग्राहकापासून लपवली, याची मला खरी चीड येते. 1981 मध्ये संप झाला आणि मिलवॉकीचा कारखाना बंद पडला, 1982 मध्ये कंपनी स्ट्रो या दुसऱ्या बिअर कंपनीने विकत घेतली. पुढे 2008 मध्ये साठच्या दशकातली चव परत आणायची ठरली, तेव्हा जुन्या जाणकारांना विचारून ती जुळवावी लागली.

ब्रुअरीच्या त्या आवारात आता कचेऱ्या आहेत. मागच्या वर्षी बाबा आले, तेव्हा मी त्यांना तिथे नेले. त्यांनी आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही, तरी त्या विटांच्या इमारतींसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आठ दिवसांत थांबलो म्हणून."

त्या आठव्या दिवशी नेहमीच्या एक आजी दुकानात आल्या होत्या. त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला, उरलेला अर्धा काचेवर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. बाबांनी भट्टीवरचा सगळा खवा उतरवून गुरांना घातला. दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखा तांबूस होईपर्यंत भाजलेल्या खव्याचे पाव किलो पेढे घेऊन ते स्वतः आजींच्या दारी गेले. मला त्यांनी सोबत नेले होते. माफी मागताना त्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या.