शिगोशीग वाटी

पुण्यातल्या भाचीने डिजिटल वजनकाटा घेतला आणि त्याचे भोग गुहागरला माझ्या वाट्याला आले. "मामा, आजीच्या सांदणांचं प्रमाण ग्रॅममध्ये पाठव. वाटी-बिटी नको, माझ्याकडे चार आकाराच्या वाट्या आहेत."

मागणी रास्त होती. दहा मिनिटांचं काम, असं मला वाटलं.

नेटवर पाहिलं. तिथला कप २४० मिलीचा; त्यात मैदा बसतो साधारण सव्वाशे ग्रॅम आणि साखर दोनशे. तांदळाच्या रव्याचा पत्ता नाही, मग बरक्या फणसाच्या रसाला कोण विचारतो! म्हणून मीही एक काटा आणला आणि आईची वाटी मागितली. स्टीलची, कडेला पोचा आलेली, बुडाखाली कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली.

आधी पाणी भरून पाहिलं. १७० ग्रॅम, म्हणजे १७० मिली. पाणी गुणाचं, वाद घालत नाही. मग रवा घेतला. सुरीने सपाट केला, १२६ भरला. वाटी ओट्यावर जरा आपटली तर रवा खाली बसला, वर आणखी थोडा मावला. १३८. तेवढ्यात आई आली.

"अशी काय रे भिकाऱ्यासारखी भरतोस?" म्हणत तिने वर टेकडी रचली. १६१! "आता झाली वाटी."

एका वाटीत पस्तीस ग्रॅमचा घोळ. एखादी गोष्ट शिगेला पोचते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला पन्नाशीत कळलं.

तसं हे दुखणं जुनंच. आजोबांच्या वेळी भात मापाने मोजत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायली हलवायची की नाही, शीग ठेवायची की हाताने उतरवायची, यावरून खळ्यात आवाज चढायचे म्हणे. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं यायला लागली. किलो आमच्या दुकानापर्यंत आला, पण आईच्या स्वयंपाकघराचा उंबरा काही त्याला ओलांडता आला नाही.

"बरं, गूळ किती?"

"लहान नारळाएवढा."

"सोललेला की असोला?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो चिरून वाटीत भरला. सैल भरला तर एक आकडा, दाबला तर दुसरा. तिसरा आकडा येऊ नये म्हणून थोडा खाऊन टाकला.

"आणि रस?"

"रवा मागेल तेवढा. फणस काय दर वर्षी सारखा असतो?"

मीठ विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी मी सरळ ती वाटीच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रात्रीच्या पुण्याच्या गाडीने भाचीला धाडली. सोबत चिठ्ठी: 'रवा शिगोशीग. बाकी आजीला फोन कर.' काटा धुऊन-पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि गाढ झोपलो.

सकाळी आई सांदणांचा रवा काढून ओट्याशी उभी. तीन वाट्या हातात घेऊन पाहिल्या, तिन्ही परत ठेवल्या.

"काय रे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या वाटीत किती ग्रॅम बसले म्हणालास?"