३२-० आणि तरीही कुलूप

परवा लेकीच्या शाळेची बास्केटबॉलची मॅच होती. शेवटच्या क्वार्टरची पाच मिनिटं उरलेली असताना आमच्या एका मुलीचा पाचवा फाउल झाला. पाचवा म्हणजे बाहेर. ती येऊन बाकावर बसली, तर बाकावर दुसरं कोणी नव्हतंच. पाण्याच्या बाटल्या आणि दोन जॅकेटं. टीममध्ये नावं सात, त्यातल्या एकीचा घोटा मुरगळलेला, एक तापाने घरी. मग उरलेला वेळ आमच्या चौघी त्यांच्या पाचजणींशी खेळल्या. समोरची कोच सज्जन बाई, तिने आपल्या मुलींना हाताने खूण करून जरा मागे राहायला सांगितलं. ती खूण आमच्या मुलींनीही पाहिली, आणि मला वाटतं हरण्यापेक्षा तीच जास्त लागली त्यांना. एकवीस पॉइंटांनी हरलो. मी स्नॅक स्टँडवर ड्यूटीला होतो. हॉटडॉग उलटता उलटता एवढंच दिसलं.

शाळेचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीतलं एक छोटं कॅथलिक हायस्कूल, नववी ते बारावी मिळून मुलं दोनशेच्या आसपास. सोमवारी शाळेची मेल आली की पुढच्या वर्षी मुलींची टीम दुसऱ्या एका शाळेबरोबर एकत्र करायचा विचार चालू आहे. त्याच मेलमध्ये खाली ट्रिकी ट्रेची तिकिटं खपवायचं आवाहन. न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी सांगतो: चर्चच्या हॉलमध्ये बक्षिसांच्या टोपल्या मांडायच्या, प्रत्येकीपुढे एक पिशवी ठेवायची, आणि लोकांनी तिकिटं विकत घेऊन ज्या टोपलीवर जीव जडला असेल तिच्या पिशवीत टाकायची. मग सोडत. आम्ही दरवर्षी कॉफीच्या मशीनवर जीव जडवतो आणि मेणबत्त्या घेऊन घरी येतो.

मेल आल्यावर पालकांच्या ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. एका बाबांनी लिहिलं, "चांगला कोच आणा, तीन-चार उंच मुलं आणा, एक ट्रॉफी येऊ द्या, अ‍ॅडमिशन आपोआप वाढतील." खाली बारा अंगठे.

मी जर्सी सिटीत राहतो, आणि हे वाक्य जर्सी सिटीत तरी बोलायची सोय नाही. आपली मंडळी जिथे वाणसामान आणि डोसा खायला येतात ते इंडिया स्क्वेअर न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर. त्याच रस्त्याने डाउनटाउनकडे गेलं की व्हाइट ईगल हॉल लागतो. जुना पोलिश लोकांचा हॉल, पुढे कित्येक वर्षं बिंगोचा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट अँथनी हायस्कूल होतं. फेलिशियन सिस्टर्स या नन्सनी चालवलेली शाळा, १९५२ साली सुरू झालेली, आणि तिला स्वतःची जिम कधीच नव्हती. मुलं या हॉलमध्ये बिंगोच्या टेबल-खुर्च्या बाजूला सारून प्रॅक्टिस करायची.

या शाळेने बास्केटबॉलमधली २८ राज्य अजिंक्यपदं जिंकली.

कोच बॉब हर्ली. दिवसा काउंटीत प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे कोर्टाने सोडलेल्या पण नजरेखाली ठेवलेल्या पोरांवर लक्ष ठेवण्याची नोकरी. संध्याकाळी याच गल्ल्यांतली पोरं त्या वाटेला जाऊ नयेत म्हणून त्यांना पळवायचा. १९७२ पासून शाळा बंद होईपर्यंत तो तिथेच राहिला. मोठ्या कॉलेजांकडे गेला नाही. अकराशेच्या वर मॅचेस जिंकला, २०१० साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेही नुसत्या शाळेच्या कोचिंगवर. त्याची दोन्ही पोरं इथेच त्याच्या हाताखाली खेळली. धाकटा डॅन म्हणजे २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा यूकॉनला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाला, कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा कोच.

२०१६ चा सीझन: ३२ मॅचेस, ३२ विजय. २०१७ च्या जूनमध्ये शाळा बंद. मधे जेमतेम सव्वा वर्ष. शेवटी मुलं दोनशेच्याही आत आली होती. फी मुद्दामच खर्चापेक्षा खूप कमी ठेवलेली, कारण येणारी मुलं गरीब घरची. फरक भरून काढायला म्हातारा हर्ली वर्षानुवर्षं भाषणं देत, जेवणावळी घालत देणग्या गोळा करत फिरला. ट्रॉफ्यांनी पैसे आणले नाहीत असं नाही, आणले. पण त्यांनी तळाचं भोक बुजलं नाही.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्या वसंतात शाळेला कुलूप लागत होतं त्याच वसंतात तो व्हाइट ईगल हॉल नूतनीकरण होऊन गाण्याच्या कार्यक्रमांसाठी उघडला. आम्ही एकदा गेलोय. आवाज छान आहे हॉलचा.

एकट्या सेंट अँथनीचं असं झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. मार्च २०११ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या जिममध्ये, म्हणजे एडिसनच्या आपल्या मंडळींच्या अगदी शेजारी, एक मॅच झाली. देशात पहिल्या क्रमांकाची शाळा विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाची. कॉलेज नव्हे, हायस्कूल! दोन्ही न्यू जर्सीतल्या, दोन्ही कॅथलिक, दोन्ही एवढ्याशा. एलिझाबेथ गावचं सेंट पॅट्रिक, जिथून आदल्या वर्षी पुढे एनबीए गाजवणारा कायरी अर्विंग बाहेर पडला होता, आणि सेंट अँथनी. अँथनी ६२-४५ ने जिंकलं. सेंट पॅट्रिक २०१२ मध्ये बंद पडलं. तिथल्या लोकांनी मग चर्चच्या बाहेर पडून 'द पॅट्रिक स्कूल' नावाने स्वतंत्र शाळा काढली. नदीपलीकडे न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या राईस हायस्कूलचा केम्बा वॉकर २०११ च्या एप्रिलमध्ये कॉलेजचा राष्ट्रीय हिरो झाला, आणि त्याच उन्हाळ्यात राईस बंद. बास्केटबॉलचा दिग्गज करीम अब्दुल-जब्बार याची शाळा पॉवर मेमोरियल १९८४ लाच गेली होती. आता बोला, आणखी किती उंच मुलं आणायची?

मी वसईचा. आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) मराठी शाळा होती, आणि तिथे एक सिस्टर गणितही शिकवायच्या, टिंक्चर आयोडीनही लावायच्या आणि कबड्डीच्या मुलींबरोबर एस.टी.ने तालुक्यालाही जायच्या. पण आमच्या शाळेतल्या बाकी शिक्षकांचा पगार यायचा सरकारकडून. शाळा अनुदानित होती. आपल्या घटनेच्या तिसाव्या कलमातच आहे की अनुदान देताना केवळ अल्पसंख्याकांची संस्था म्हणून भेदभाव करायचा नाही. मला लहानपणी वाटायचं की जगात सगळीकडे असंच असतं.

इथे उलटं. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चर्चच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पगारात राज्याने पैसा घालायचा नाही. नंतरच्या वर्षांत काही राज्यांनी व्हाउचरचे (खासगी शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसे देण्याचे) मार्ग काढले, पण न्यू जर्सीत तेही नाही. बस, पुस्तकं, नर्स अशी किरकोळ मदत मिळते. पगार, छप्पर, हीटिंगचं बिल सगळं शाळेने बघायचं.

मग इतकी वर्षं या शाळा चालल्या कशा? सिस्टरांवर. एवढंच उत्तर आहे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या आणि त्यातल्या ढिगाने वर्गात उभ्या होत्या, नावापुरत्या मानधनावर, मठात राहून, सांगेल ते काम करत. आता चाळीस हजारही नाहीत आणि बहुतेकींनी सत्तरी ओलांडलेली. एका सिस्टरच्या जागी संसारी शिक्षक आला की त्याला पगार हवा, आरोग्यविमा हवा, पेन्शन हवी, आणि हवंच. फी वाढते. फी वाढली की शेजारची सरकारी पैशावर चालणारी फुकट चार्टर शाळा बरी वाटते. साठच्या दशकात ५२ लाख मुलं कॅथलिक शाळांत होती, आता सतरा लाखांच्या आसपास. वर काही धर्मगुरूंच्या पापांची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची) भरपाई करता करता कित्येक धर्मप्रांत दिवाळखोरीत गेले, त्याचीही झळ याच शाळांना. हे लिहिताना मला लाज वाटते, पण न लिहिणं जास्त लाजिरवाणं.

हा सगळा हिशोब कुठेही लिहिलेला नव्हता. बायकांची फुकटची मेहनत हिशोबात धरायची नसते, हे आपल्या घरांसारखंच चर्चलाही पक्कं ठाऊक होतं. आणि ती मेहनत संपल्यावर आम्ही पालक सुचवतोय काय, तर उंच मुलं आणा.

कुणी म्हणेल, मग ते डॉन बॉस्को प्रेप आणि बर्गन कॅथलिक कसे जोरात आहेत? आहेत ना. श्रीमंत उपनगरांतल्या शाळा, फी भरमसाट, अमेरिकन फुटबॉलची टीम मोठी, माजी विद्यार्थी खिसा सैल करणारे. त्यांनाही कॅथलिक म्हणायचं आणि आमच्या सात मुलींनाही. पब्लिक स्कूलचे, म्हणजे इथल्या सरकारी शाळांचे, पालक रागावतात की हे लोक गावोगावचे खेळाडू गोळा करतात, त्यात तथ्य आहे. फक्त आमच्यासारख्यांकडून कोण कशाला जाईल गोळा करायला? उलट आमच्यात एखादी बरी खेळायला लागली की तीच दुसरीकडे जाते. गेल्या वर्षी आमची गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी खेळाडू, गेली. तिच्या आईला मी दोष देणार नाही, मीही कदाचित तेच केलं असतं.

अपवाद एक सांगतो, कारण तो माझ्या मुद्द्याच्या बाजूचाच आहे. न्यूअर्कचं सेंट बेनेडिक्ट्स प्रेप. १९७२ मध्ये बंद पडलं, शहर ओस पडत चाललेलं, निम्मे संन्यासी मठ सोडून गेलेले. जे उरले त्यांनी १९७३ मध्ये शाळा पुन्हा उघडली आणि आजही चालवतात. तिचं सॉकर देशभर गाजतं: अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले टॅब रामोस, क्लॉडिओ रेना, ग्रेग बरहॉल्टर तिथलेच. पण आधी संन्यासी थांबले, खेळ त्यानंतर गाजला. आपण क्रम उलटा लावून बसलोय.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की टीम एकत्र होत असेल तर होऊ द्या. दुसऱ्या शाळेच्या जर्सीत का होईना, मुली खेळतील आणि बाकावर बसायला माणूस असेल. कोच आणायला जे पैसे काढायला निघालात ते विज्ञानाच्या शिक्षकासाठी काढा, ती जागा सप्टेंबरपासून रिकामी आहे. अंगठे दोन. एक हिचा.

लेकीला विचारलं तर म्हणाली, "डॅडी, एकत्र टीमला नाव काय देणार?" यावर मेलमध्ये काही नाही.

शुक्रवारी घरच्या जिममध्ये सीझनची शेवटची मॅच आहे, सहा वाजता. जर्सी सिटी, बेयॉन, होबोकेनकडचं कोणी असेल तर इनबॉक्स करा, पत्ता देतो. तिकीट पाच डॉलर. मागच्या वेळी न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरून पन्नास समोसे नेले होते, हाफटाइमच्या आत संपले आणि हॉटडॉग तसेच राहिले. या वेळी शंभर नेतोय. घोटा मुरगळलेली परत येतेय म्हणे.